निखळलेलं कोपर आणि अख्खा कोयता

त्या साली दुष्काळ असा, की विहिरीत डोकावलं तर विहीरच आपल्याकडं पाणी मागायची. टँकर थांबायच्या आत वर चढून पाइप टाकायचा, ही आमच्या गावची रीत. मी तसाच चढलो आणि चढलो त्याच्या दुप्पट वेगानं खाली आलो. उजवं कोपर निखळलं. तो आवाज पार मांजरसुंब्याच्या धाब्यावर ऐकू गेला आणि चार ड्रायव्हर जेवण सोडून आपापली टायरं बघून आले, असं मी आजही सांगतो.

अंबाजोगाईला डॉक्टरांनी सांधा बसवला. तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं, तर हात काटकोनात अडकलेला. ना सरळ होई, ना तोंडापर्यंत जाई.

"चोळायचा नाही, ओढायचा नाही. आपला आपण हळूहळू वाकवायचा," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मी त्याच हातात भरलेली बादली लटकवली. वजनानं लोखंड सरळ होतं, मग हाताची काय कथा? संध्याकाळी कोपर पपईएवढं.

"पाणी सांडलं ते येगळंच," बायको म्हणाली.

तिची खरी काळजी मला ठाऊक होती. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. अर्धा कोयता कुठलाच मुकादम नेत नाही. शेतात काडी उगवली नव्हती आणि सहकारी कारखान्याच्या फडावर न्यायला ट्रक दिवाळीनंतर येणार होता.

मग मी ठरवलं, जेवायचं ते उजव्याच हातानं. पहिले काही दिवस घास तोंडाकडं गेला नाही, तोंडच घासाकडं गेलं.

"अवं, हात नीट व्हायच्या आदी तुमची मान बगळ्यावानी व्हईल," बायको म्हणायची. पण चमचा काही देत नव्हती.

दिवाळीपर्यंत घास तोंडाला लागला. तेवढ्यात मुकादम आला. बाभळीची फांदी दाखवून म्हणाला, "हान बे."

मी कोयता हाणला. हात अर्ध्यातच थांबला, फांदीला ओरखडा.

"ऱ्हाऊ दे. फुडल्या साली बघू."

बायकोनं माझ्या हातातला कोयता घेतला आणि एका घावात फांदी खाली पाडली. मी लगेच बसून काटक्यांची मोळी आवळली. त्याला कोपर लांब करावं लागत नाही.

"गडी मोळ्या बांधणार? फडात लई हसतेल."

"हसू द्या. मोळी सुटती का बघा," मी म्हणालो.

त्यानं मोळी उचलून तीनदा आपटली. काटकी हलली नाही. आमचा कोयता अख्खा धरला.

फडात लोक हसलेच. "वैनी, च्या टाका की," असं मला रोज चारजण म्हणायचे. मी म्हणायचो, "टाकतो, आदी ही मोळी सोडून दाव." एकालाही जमलं नाही.

संक्रांतीला माझा हात सरळ झाला. छाती काढून बायकोकडं कोयता मागितला.

"मागं सरीत बारा मोळ्या बांधायच्या पडल्यात," ती न वळता म्हणाली. "ट्रक उभा हाय."

मी बांधायला बसलो.