‘येतो’ म्हणून गेलेले गुरुजी

ती घटना आजही आठवते, अशी सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांत रीत आहे. मी जरा खरं सांगतो. ही घटना मला आठवायला नको असते. पण निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, बायकोने नगरच्या आमच्या कॉलनीतल्या चालणाऱ्यांच्या ग्रुपात माझं नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात ग्रुपप्रमुख म्हणाले, “साहेब, रविवारी गडावर जायचंय. येणार ना?” मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे माझे ठणठणीत आहेत. खरं कारण ही केस.

तेव्हा मी अकोले तालुक्यात, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गडाचं आणि तिथल्या गावांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मी थकलो होतो. शनिवार-रविवार आला की अंगावर काटा यायचा. कोणी धबधब्यात घसरलंय, कोणाची गाडी घाटात अडकलीय, कोणी दारू पिऊन बुरुजावर चढलंय. सोमवारी सकाळी स्टेशन डायरी चाळताना एकच वाटायचं, लोक घरी का बसत नाहीत?

थंडीचे दिवस होते. एका रविवारी दुपारी साडेचारच्या सुमारास बावीस माणसं ठाण्याच्या आवारात शिरली. सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट, सगळे साठीच्या आसपासचे. मला वाटलं, मोर्चाच आला. चौकशी केल्यावर कळलं की हा पारनेरचा सकाळी चालणाऱ्यांचा ग्रुप. कोणी रिटायर शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी सुप्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले. रोज पहाटे चालायचं आणि दोन-तीन महिन्यांनी टेम्पो ट्रॅव्हलर करून एखादा गड चढायचा, असा त्यांचा नेम. त्या दिवशी वर तेवीस गेले होते. खाली बावीसच आले.

राहिलेला माणूस म्हणजे अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांना शेवटचं पाहिलं ते मिस्त्रींनी. मिस्त्री चौसष्ट वर्षांचे, कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. ग्रुपात सगळ्यांच्या मागे चालायचं काम त्यांचं. कोणी मागे राहिलं नाही ना, एवढं बघायचं. आणि नेमका त्यांच्याच हातून माणूस राहिला होता.

“वर पान्याच्या टाक्यापाशी गुरुजी बुटाची लेस बांदत बसले हुते,” मिस्त्री सांगत होते. “मला म्हनले, येतो. मी म्हनलं, या. आन मी खाली निघालो. वाटलं, येत्याल मागनं.”

आमच्या रायटरचं अक्षर मोत्यासारखं आणि भाषा त्याहून नीटनेटकी. त्याने जबाबात लिहिलं, ‘मी मागून येतो, तुम्ही पुढे व्हा, असे ते मला म्हणाले.’ मिस्त्रींना वाचून दाखवलं, त्यांनी सही केली. मीही खाली सही ठोकली. असल्या हजारो जबाबांखाली माझी सही आहे.

मिसिंग दाखल झालं. ट्रॅव्हलरमधल्या सामानाचा पंचनामा झाला. गुरुजींच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला मोबाईल निघाला. “विसराळूच आहेत,” ग्रुपवाले म्हणाले. अंधार पडेपर्यंत गावकरी आणि वनखात्याची माणसं वर शोधत होती. दुसऱ्या दिवशी दोरवाले गिर्यारोहक आले आणि टाक्याच्या बाजूचा कडा उतरू लागले. आम्ही सगळेच आता माणूस नाही, देह शोधत होतो. तसं कोणी बोलत नव्हतं, एवढंच.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मला फोन आला. बोलणारा त्याच ग्रुपातला होता. “साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. पण काल चढताना त्या दोघांचं जोरात वाजलं हुतं. मिस्त्री म्हनले, एक दिवस तुमाला हितंच सोडून जातो का न्हाई बघा.”

मी आणखी चौघांना विचारलं. चौघांनीही ऐकलं होतं. गुरुजींचा मुलगा रात्रीच येऊन पोहोचला होता, त्याच्या कानावर हे गेलं आणि त्याने तिथल्या तिथे लेखी दिलं, माझा मिस्त्रींवर संशय आहे. झालं. शेवटचं पाहणारा माणूस, त्याच दिवशीचं भांडण, वरून लेखी तक्रार. कोणत्याही पोलिसाने हेच जुळवलं असतं. मी तर दमलेला पोलीस होतो, मला ते लगेच पटलं.

मिस्त्रींना बोलावून घेतलं. अटक दाखवली नव्हती, ‘चौकशीकामी थांबवले’ असं आम्ही म्हणतो. त्यांचा मोबाईल काढून घेतला आणि बाकावर बसवलं.

“भांडण कशावरून झालं?”

“चालन्यावरनं, साहेब. दर येळी मागं ऱ्हात्यात. झाड बघत बसत्यात, ढोराच्या वाटा बघत बसत्यात. मला सगळ्यांच्या मागं ऱ्हावं लागतं. बोललो रागानं.”

“सोडून जातो म्हणालात?”

“म्हनलो. माझ्या बायकूला पन म्हनतो मी तसं.”

“थट्टा करतोस का रे? काय केलंस त्यांचं? खरं सांग!”

त्या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. माझ्या ते लक्षातही आलं नाही. मिस्त्रींच्या आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा माणूस, नातवंडं असलेला. त्यानंतर दिवसभर मी त्यांना अरे-तुरे केलं, टेबलावर काठी आपटली, तुझ्या घरापासून बेड्या घालून वरात काढीन म्हणालो. अंगाला हात लावला नाही, पण त्याचं मला आज काही कौतुक वाटत नाही.

“साहेब,” ते एकदाच म्हणाले, “तीस वर्सं मशिनीत हात घातला. माझ्या खात्यात कुनाचं बोट जाऊ दिलं न्हाई. मी मानूस ढकलीन व्हय?”

मी म्हणालो, “सगळे असंच म्हणतात.” तेही खोटं नव्हतं. निर्दोषही तेच म्हणतात आणि गुन्हेगारही तेच म्हणतात. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यातला फरक मला नुसता कानाने कधी कळला नाही.

त्या दिवशी कोणीतरी बाकावर बसलेल्या मिस्त्रींचा फोटो काढला आणि तो पारनेरपर्यंत पोहोचला. संध्याकाळपर्यंत ग्रुपच्या अॅडमिनने त्यांना व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकलं. त्यांना हे कळायला मार्ग नव्हता, कारण मोबाईल माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

मंगळवारी सकाळी आठला आमचे जुने हवालदार ड्युटी संपवून निघाले. डबा पिशवीत टाकला, टोपी काढून काखेत घेतली आणि दारातून म्हणाले, “बरं साहेब, येतो.”

“या,” मी कागदातून डोकं न काढता म्हणालो.

आणि हातातला पेन तसाच राहिला. हवालदार कुठून येणार होते? ते तर घरी चालले होते. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, अशुभ वाटतं. म्हणून जाणारा ‘येतो’ म्हणतो आणि राहणारा ‘या’ म्हणतो. तेहतीस वर्षं रोज मी हे ऐकत होतो आणि म्हणत होतो.

रात्रभर बाकावरच असलेल्या मिस्त्रींना आत बोलावलं. समोर खुर्ची दिली. “गुरुजींचे नेमके शब्द सांगा. ‘मागून येतो’ म्हणाले? ‘तुम्ही पुढे व्हा’ म्हणाले?”

“मागून न्हाई म्हनले. ते रायटर साहेबांनी लिव्हलं. गुरुजी म्हनले, बरं मिस्त्री, येतो.”

“आणि?”

“माझा हात हातात घेतला. म्हनलं, आज काय नवीनच... सकाळी भांडलो म्हून आसंल.” त्यांच्याही डोक्यात आता उजेड पडत होता. “साहेब, गुरुजींनी निरोप घेतला वो माझा. आन मी म्हनलं, या!”

पंचनामा परत काढला. या वेळी नीट वाचला. बॅगेत मोबाईल होता, पण ब्लडप्रेशरच्या गोळ्या नव्हत्या. मुलाने आदल्याच दिवशी महिनाभराच्या आणून दिल्या होत्या आणि त्या घरातही नव्हत्या, असं त्याच्याच जबाबात होतं. टॉवेल होता, पण घरून निघताना घेतलेले बदलायचे कपडे नव्हते. एका दिवसाच्या गडाला कोणी महिन्याच्या गोळ्या पाठीवर घेऊन चढत नाही आणि मोबाईल टॉवेलात गुंडाळून विसरत नाही. सगळं रविवारपासून माझ्या टेबलावर होतं. मी माणसावर ओरडण्यात गुंतलो होतो.

“कुठे गेले असतील?”

“गडाच्या पल्याड एक वाडी हाय,” मिस्त्री म्हणाले. “त्यांची पयली शाळा तिथं हुती. लई बोलायचे त्या वाडीबद्दल. मला वाटायचं, म्हातारं मानूस, बोलत्यात.”

मी त्या बाजूच्या पोलीस पाटलांना फोन लावला. पलीकडून अगदी सहज उत्तर आलं, “गुरुजी व्हय? हायेत की. परवापासनं हितंच हायेत. शाळेच्या वट्यावर बसल्यात, देऊ का फोन?”

तासाभरात मुलाला घेऊन आम्ही वाडीवर पोहोचलो. गुरुजींनी ढोरांच्या वाटेने गड उतरून चाळीस वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याचं घर गाठलं होतं. तो विद्यार्थी आता आजोबा झाला होता. मला पाहून गुरुजी गोंधळले. “काय झालं साहेब? मी सांगून आलोय. मिस्त्रींना सांगितलंय मी.”

मुलाला पाहून मात्र त्यांचा चेहरा पडला. त्यांनी जबाब दिला तो मी स्वतः लिहून घेतला, त्यांच्याच शब्दांत. घरात कोणी छळत नव्हतं. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. पण बायको गेल्यापासून मुलगा मोबाईलवर बघायचा, वडील आत्ता कुठे आहेत. बाजारात दहा मिनिटं जास्त झाली की फोन. चालण्याचा ग्रुपही मुलानेच लावून दिला होता, म्हणजे वडील एकटे फिरणार नाहीत. “माझ्यावर बावीस माणसांचा पहारा लागला, साहेब,” ते म्हणाले. “मला एकदा कोणाला न विचारता एखाद्या ठिकाणी जायचं होतं.” मुलगा ओट्याच्या कडेला बसून रडायला लागला. त्याचंही काही फार चुकलं होतं असं मला म्हणवत नाही.

सज्ञान इसम स्वखुशीने गेला होता, मिळून आला, मिसिंग बंद. कागदावर एवढंच. वरिष्ठांनी शाबासकी दिली, दोन दिवसांत छडा लावलात म्हणाले. मिस्त्रींना मोबाईल परत केला. त्यांनी तो चालू केला, बराच वेळ पाहिला आणि खिशात ठेवला. मला वाटलं, घरचे फोन बघत असतील.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे गडाला नाही म्हणाल्यावर मला चैन पडेना. गेल्या महिन्यात मी एकटाच पारनेरला गेलो. मिस्त्रींचं घर सापडायला वेळ लागला नाही. दार त्यांनीच उघडलं. ओळखलं, आत बसवलं, चहा सांगितला. पोट सुटलं होतं, पायाला सूज दिसत होती.

“चालणं बंद केलंत का?”

“केलं.”

मी म्हणालो, “मिस्त्री, त्या दिवशी मी तुम्हाला तू म्हणालो. वयाचा मान ठेवला नाही. माझं चुकलं.” सेवेत असताना हे वाक्य मी कोणापुढेही बोललो नव्हतो.

“त्याचं काय न्हाई, साहेब. तुमचं कामच तसलं.” कपबशी खाली ठेवून ते म्हणाले, “गुरुजींचा बी राग न्हाई. त्यांचा वाडीवरनं फोन येतो. मला फकस्त येवढं सांगा, तुमाला फोन कुनी केल्ता?”

मी चहाचा कप उचलला.

“ग्रुपवाल्यांनी मला परत ग्रुपात घेतलं. हार घालून घेतलं. पन त्या एकवीस जनात एक जन हाय, ज्यानं माझं नाव घेतलं. कोन ते कळंना. म्हून मी एकवीस जनांशी बोलनं सोडलं. तुमी एक नाव सांगितलं, तर ईस जन मला परत मिळत्याल.”

खबऱ्याचं नाव सांगायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. आणि तो खबऱ्याही नव्हता, घाबरलेला एक साधा माणूस होता. ग्रुपवाल्यांनी तेव्हा मला पाठवलेल्या फोटोत मिस्त्रींना हार घालत होता, तोच. नाव माझ्या ओठावर आलं होतं. मी गिळलं. बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गुन्हा उघड झाला की केस संपते, असं मी नोकरीभर मानलं. या केसमध्ये गुन्हाच नव्हता आणि ती काही केल्या संपत नाही. माणसाला बाकावर बसवायला एक फोन पुरतो. त्याला तिथून उठवणं माझ्या अधिकारात कधीच नव्हतं.

“नाही सांगता येणार,” मी म्हणालो.

“वाटलंच,” ते म्हणाले. रागावले नाहीत. माझ्याइतकेच थकलेले दिसले.

चहा संपला. मी उठलो, दारात चपला घातल्या आणि सवयीने म्हणालो, “बरं मिस्त्री, येतो.”

ते ‘या’ म्हणाले नाहीत. चौकटीला हात टेकून उभे राहिले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “कदी?”

मी म्हणालो, “रविवारी. सकाळी सहाला. गड नको, गावाबाहेरच्या टेकडीपर्यंतच जाऊ. दोघंच.”

“दोगंच म्हंजे मागं कोन चालनार?”

“मी चालतो मागं.”

त्यांनी मान हलवली.

“या,” ते म्हणाले.