नाल्याकाठचा अहवाल

कुणाच्या दारात सर्वेक्षणाला गेलो की ताई आधी स्वतःचं पेन अंबाड्यात खोचून टाकायच्या. मी तोवर वही उघडलेली असे. "मिटव ती," म्हणायच्या. "आधी ऐक. लिहिणं काही पळून जात नाही."

भोपाळच्या शाहपुऱ्यात दोन खोल्यांचं आमचं संशोधन केंद्र होतं. शहराचं पाणी, कचरा, वॉर्डांचा कारभार यांचा अभ्यास करायचा आणि सरकारला शिफारशी पाठवायच्या. मी नकाशे काढायचो. ताई सगळ्यांत वरिष्ठ. राजधानी हलली तेव्हा त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि चिडल्या की अस्सल नागपुरी. अशी एखादी बाई तुमच्याही ऑफिसात असेल: डबा सगळ्यांना वाटणारी, पण चुकीच्या आकड्यावर कुणाचीच गय न करणारी.

एकदा मी एका गल्लीतली घरं अंदाजानं लिहिली. ताईंनी रिक्षा वळवायला लावली. "अरे बाप्पा, घर सुटलं म्हणजे माणसं सुटली ना!" भर उन्हात पुन्हा मोजली. एक घर जास्त निघालं. आत एक म्हातारी एकटीच राहत होती. तिनं आम्हाला बसवून गूळ-पाणी दिलं. परतताना ताई माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

बाग सेवनियाच्या पलीकडे एका नाल्याकाठी वस्ती होती. नाला तलावात जायचा आणि तलाव काळा पडत चालला होता. ताईंनी अख्खा हिवाळा तिथे काढला. धुणीभांडी करणारी कमलाबाई आम्हाला दारोदार घेऊन हिंडायची. अहवालात ताईंनी स्पष्ट लिहिलं: बहुतेक घाण वरच्या पक्क्या कॉलन्यांमधून येते. वस्तीला संडास आणि गटारं द्या, आणि जो काही निर्णय घ्याल तो तिथल्या लोकांना वॉर्डाच्या बैठकीत बसवून घ्या. सोबत माझा नकाशा जोडला. एकही घर सुटलेलं नव्हतं.

दोन महिन्यांनी कमलाबाई ऑफिसात आली, हातात नोटीस घेऊन. तलाव वाचवण्यासाठी वस्ती हटवणार होते. आधार म्हणून आमच्या अहवालाचं नाव होतं आणि मागे माझाच नकाशा, लाल शाईनं घेरलेला.

"दीदी, गिनती तो आपने ही की थी," ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दोन आठवडे ताई कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होत्या. मी बरोबर असायचो. शेवटच्या साहेबांनी चहा मागवला, अदबीनं बोलले. ताईंनी शिफारशींचं पान उघडून समोर धरलं.

"ये तो सुझाव हैं, मॅडम," साहेब म्हणाले. "नक्शा तथ्य है."

बाहेर येऊन ताई जिन्यातच बसल्या. "खोटं काहीच नाही रे त्यात," म्हणाल्या. "खोटं असतं तर मागे घेतलं असतं."

एका सकाळी वस्ती हटवली. लोकांना रायसेन रोडवर, आनंद नगरच्याही बरंच पुढे, पत्र्याच्या खोल्या दिल्या. ताई महिनाभर रोज तिथे जाऊन मुलांचे शाळाबदलीचे फॉर्म भरत बसायच्या. मग त्यांनी राजीनामा दिला आणि नागपूरला बहिणीकडे गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी होऊच दिला नाही.

गेल्या आठवड्यात मी त्या खोल्यांकडे गेलो होतो. कमलाबाईनं विचारलं, "दीदी कैसी हैं? उनसे कहना, पानी अब तक नहीं आया." शहराच्या कचेरीत म्हणतात, ती जागा पंचायतीची. पंचायत म्हणते, तुम्ही शहराची माणसं.

संध्याकाळी ताईंना फोन लावून निरोप सांगितला. पलीकडे कुकरची शिटी झाली.

"अर्ज लिहून दिलास का तिला?"

"दिला, ताई."

"कुणाच्या नावानं?"

'प्रति'पुढची ओळ मी कोरी सोडली होती. तसं सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.