मलिहाबादचे बेचव आंबे

मंडळी, मी इथे दोन वर्षं नुसता वाचक आहे, आणि खरं सांगायचं तर तुमचे बरेचसे किस्से वाचून हसलोय. मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करतो. छाया, बाधा, भास असलं काही कधीच मानलं नाही... आजही मानतो असं म्हणणार नाही. जे झालं तेवढं लिहितो.

आम्ही मूळचे सातारचे, पण गेली एकवीस वर्षं लखनौला, विकास नगरमध्ये. जानेवारीत माझी बायको मेधा गेली. मेंदूत रक्तस्राव, दोन दिवसांत सगळं संपलं. चौदाव्या दिवशी मी लॅबमध्ये हजर होतो. रडलो नाही. रडू येतच नव्हतं, आतून सगळं बधिर झालं होतं. आमची सोळा वर्षांची सई, तिला ते सहन होईना. जुलैपासून पुण्याला मावशीकडे शिकायला जायचं तिनं परस्पर ठरवून टाकलं. मी "बरं" म्हणालो. त्या "बरं"चाच तिला जास्त राग आला.

जूनमधल्या एका रविवारी तीच म्हणाली, "बाबा, जाने से पहले एक बार मलिहाबाद चलते हैं।" गाडीनं तासाभराचा रस्ता. वाटेत दशहरी गावातलं ते जुनं झाड पाहिलं, ज्याच्यापासून दशहरी आंबा आला. लोक सेल्फी काढत होते, आम्हीही एक काढला. मग मलिहाबादच्या अलीकडे शकील चाचांच्या बागेत शिरलो. सत्तरीचे गृहस्थ, जन्म सगळा आंब्यात गेलेला. त्यांनी झाडाखाली चारपाई टाकली, गार पाण्यात आंबे घातलेली बादली पुढे सरकवली. "पहले खाइए, बाग़ बाद में देखिएगा।"

पहिला आंबा चोखला... काहीच नाही. आंबट नाही, तुरट नाही, सडका नाही. ओला कापूस चघळल्यासारखं. दुसरा तसाच, तिसराही. सई मात्र मिटक्या मारत खात होती. म्हटलं, आपली जीभच गेली. चाचांकडे चिमूटभर मीठ मागितलं – ते व्यवस्थित खारट लागलं! सईनं माझ्या हातातला आंबा चाखला आणि तोंड वाकडं केलं. "इसमें तो टेस्ट ही नहीं है, यार।" चाचांनीही चाखला.

"ऐसा आम मेरे बाग़ में नहीं होता, साहब।"

मग माझ्यातला लॅबवाला जागा झाला. सईला एक आंबा कापायला लावला. एक फोड तिनं खाल्ली – गोड. त्याच आंब्याची दुसरी मी अर्धी चावली आणि उरलेली तिला दिली. बेचव.

सईनं फोड खाली ठेवली. मग म्हणाली, "इस साल आई का आम नहीं रखा हमने।"

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांपुढे आंबा ठेवल्याशिवाय कुणी आंब्याला तोंड लावत नाही. माझ्या आईवडिलांसाठी मेधाच दरवर्षी सगळं करायची आणि मी तिची टर उडवायचो. यंदा ते तिच्यासाठी करायचं होतं. सईनं आठवणही करून दिली होती. "काही गरज नाही," असं मीच म्हणालो होतो.

सईनं चाचांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी पानांची पत्तल आणि लोटाभर पाणी आणून दिलं. मी झाडाखाली आंबा ठेवला. मंत्रबिंत्र येत नाहीत. "मेधा, घे गं," एवढंच म्हणालो. ती गेल्यावर तिच्याशी बोललेले माझे पहिले शब्द होते ते.

अर्धा तास आम्ही तिघं दहा पावलांवर बसून होतो. आंब्यावर मुंगीसुद्धा चढली नाही. चाचांनी तो कापला. रंग तोच, वास तोच. तिघांनी चाखला. चव नव्हती.

"ले गईं," चाचा हळूच म्हणाले.

सईनं बादलीतला दुसरा आंबा माझ्या हातात दिला. तो गोड होता. इतका, की कोय पांढरी होईपर्यंत मी चोखत राहिलो.

परतताना काकोरीजवळ मी म्हणालो, "सई, जाऊ नकोस. मला त्या घरात एकट्याला भीती वाटते."

"ये आप जनवरी में बोल देते, बाबा," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "अब तो एडमिशन हो गया।"

पत्तलवरच्या आंब्याची उरलेली फोड मी डब्यातून आणली होती. सोमवारी फळांवर काम करणाऱ्या एका मित्राकडे साखर मोजून घेतली. साखर हवी तेवढी होती, कणभरही कमी नाही. त्यालाही ती फोड चाखायला दिली, तर म्हणाला, पाणी पितोय असं वाटतंय. याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

सई ठरल्याप्रमाणे पुण्याला गेली. तिला सोडायला स्टेशनवर गेलो तेव्हा मात्र मी रडलो – गाडी हलल्यावर नाही, ती समोर उभी असताना, भर प्लॅटफॉर्मवर, हमसून हमसून. सईनं बॅग खाली ठेवली आणि माझा हात धरला. गाडी सुटायला अजून अकरा मिनिटं होती.