गुंडू गवळी आणि पिराजीची जिलबी

गुंडू गवळ्याला पार दिसेनासं झालंय आणि आता म्हैसच त्याला घरी आणून सोडते, अशी बातमी एका सकाळी कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर उठली. दुपारपर्यंत त्या म्हशीनं त्याला गटारातनं ओढून काढलं होतं आणि संध्याकाळी गल्लीत तिच्या सत्काराची भाषा सुरू झाली. खरं होतं ते एवढंच, की गुंडूच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. डावा डोळा ठणठणीत होता आणि त्या एका डोळ्यानं तो गल्लीतल्या दोन डोळेवाल्यांपेक्षा जास्त बघायचा. म्हैस त्याला आणत नव्हती, तोच म्हशीला आणत होता. पुढं राजदूत फटफटीवर गुंडू, मागं हरणी. पंचगंगेच्या घाटावर म्हैस धुऊन झाली की ही वरात रोज अशीच घरी यायची.

बाहेरच्या पावण्यांना हे सांगावं लागतं. दिवाळीच्या पाडव्याला इथले गवळी म्हशींची शिंगं रंगवतात, मोरपिसं खोवतात, पायात तोडे घालतात आणि सायलेन्सर काढलेली फटफटी घेऊन पुढं सुटतात. एवढ्या गोंगाटात आपल्या मालकाची गाडी ओळखून म्हैस मागं धावत येते. हरणी तर दुसऱ्या कुणाच्या गाडीमागं पाऊल टाकत नसे. म्हणजे पाडव्याला गुंडू गाडीवर नसला, तर हरणी गोठ्यात! अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी नेमकी तिथंच गाठ मारली. "साखर खाली आणा, मग डोळ्याचं ऑपरेशन. तोवर गर्दीत गाडी घालायची नाही."

साखर वर चढायचं कारण अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. घाटावरनं येताना चौकात पिराजीचं जिलबीचं दुकान लागायचं, आणि पिराजीची कढई नेमकी रस्त्याकडं तोंड करून होती.

"तुमास्नी कळतंय नव्हं?" बायको बायडाबाई विचारायची.

"न कळायला मी काय खुळा हाय?"

"मग खाता कशाला?"

"ते मातर कळत न्हाय."

यात ढोंग नव्हतं. साखरेनं काय काय होतं हे गुंडू कट्ट्यावरच्या गिऱ्हाइकांना पाय, मूत्रपिंड, डोळे असं क्रमानं समजावून सांगायचा. एकदा तर हे प्रवचन हातात जिलबी धरून झालं. ऐकणाऱ्यातल्या एकानं त्या दिवसापासून चहातली साखर सोडली. गुंडूनं हातातली तेवढी संपवली.

मग नृसिंहवाडी झाली. दत्ताच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यानं गोड सोडलं आणि परतीच्या एस.टी.त पेढे खाल्ले. "परसाद गोडात धरत न्हाईत," असं त्यानंच ठरवलं. बायडाबाईनं कपाळावर हात मारला.

शेवटी शेजारचा कृष्णात पैलवान पुढं सरसावला. हा माणूस म्हणजे निश्चयाचा महामेरू, निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. "गुंड्या, कळतंय पण वळत न्हाय असं काय नसतंय. मन घट्ट कर. त्या कढईम्होरं छाती काढून हुबा ऱ्हा, आन न खाता परत ये. मर्दाचं काम हाय ते."

गुंडू दुसऱ्याच दिवशी गेला. छाती काढली, हाताची घडी घातली, कढईकडं रोखून बघितलं. पिराजीनं नुसतं विचारलं, "किती?" आणि गुंडूच्या तोंडातनं आपोआप गेलं, "पाव किलो."

घरी मात्र त्यानं छाती काढूनच सांगितलं, की आज जिंकलो. दुसऱ्या सकाळी बायडाबाई स्वतः घाटावर गेली आणि येताना मागच्या सीटवर बसली. बायको पाठीशी, म्हणून गुंडूनं पिराजीचं दुकान शिस्तीत मागं टाकलं. गाडी पुढं आली, पण मागचे खूर वाजेनात. बघतात तर हरणी पिराजीच्या दारातल्या खांबाला लागून ऐटीत उभी! पिराजीनं सवयीनं आदल्या दिवशीची शिळी जिलबी तिच्यापुढं धरलेली. गुंडूनं गाडी रेस केली, हाका मारल्या. हरणीनं शेपटीसुद्धा हलवली नाही.

"पिराजीभावजी," बायडाबाईनं विचारलं, "ही रोजच थांबती व्हय?"

"न्हाय ओ वैनी," पिराजी घाबरून म्हणाला, "रोज दोघं थांबत्यात."

गुंडूला बायकोच्या नजरेचं एवढं वाटलं नाही. त्याला घोर लागला तो वेगळाच. पाडव्याला सगळ्या म्हशी याच चौकातनं जायच्या. डोळा बरा झाला, गाडीची परवानगी मिळाली, आणि अख्ख्या कोल्हापुरासमोर हरणी जिलबीला थांबली तर? आपलं खूळ त्यानं म्हशीला लावलं होतं.

त्या दिवसापासून त्यानं शपथा बंद केल्या. घाटावरनं निघाला की तो उलट्या अंगाला वळायचा आणि मागच्या बोळातनं, दुप्पट वळसा घालून घरी यायचा. चौकात जायचं काम बायडाबाईवर सोपवलं. पिराजीलाही सांगून ठेवलं, "मी आलोच तर देऊ नगंस. शिव्या दिल्या तरी देऊ नगंस." पहिले काही दिवस हरणी बोळाच्या तोंडाशी अडून बसायची. गुंडू तिला म्हणायचा, "चल बाई, मलाबी तिकडंच जायचंय." मग दोघंही मुकाट्यानं बोळात शिरायची.

साखर उतरली. गणपती गेल्यावर डोळ्याचं ऑपरेशन झालं. पाडव्याला राजदूत फटफटत चौकात शिरली तेव्हा कढईचा वास आलाच. हरणीची चाल मंदावली, मान वळली. खरं सांगायचं तर गुंडूचीही वळली. पण गर्दीतनं त्यानं "हरणेऽऽ" अशी आरोळी ठोकली, गाडीची मूठ पिळली, आणि ती शिंगं उडवत अशी सुटली, की शिट्ट्यांनी चौक दणाणला.

संध्याकाळी गल्लीत सगळे पाठ थोपटत होते. कृष्णाताला ते बघवलं नाही. "ह्यात कसला रं निश्चय?" तो मोठ्यांदा म्हणाला. "सा म्हैने चोरागत बोळातनं फिरलास. जिलबीम्होरं टिकला असतास तर मर्द म्हटलं असतं."

गुंडूनं हरणीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "पैलवान, म्हस हिरव्या उसाच्या कडंनं न्ह्यायची आन तिला म्हणायचं, तोंड घालू नगंस. असला गवळी तू बघितलाईस काय? मग माझ्याच तोंडाला कशाला शाणपण शिकवतोस?"