पाणघोड्याचा दुसरा भाग

मुलांच्या कार्टून सिनेमांचे दुसरे भाग काढणाऱ्या लोकांबद्दल माझं मत चांगलं नाही. घरात हा विषय निघाला की आमचे हे उठून काहीतरी काम काढतात, कारण मी एकदा सुरू झाले की लवकर थांबत नाही हे त्यांना माहीत आहे. पहिला भाग काढणाऱ्याला काही सांगायचं असतं. दुसरा काढणाऱ्याला फक्त पहिला चालला होता एवढंच ठाऊक असतं. मग पहिल्यात एक जण चिखलात पडला असेल तर हा चौघांना पाडतो, पहिल्यात एकदा रडवलं असेल तर दोनदा रडवतो, आणि जो प्राणी एकटा सुखाने राहत होता त्याचं लग्न लावून देतो. लग्न तर ठरलेलंच. आमच्या नात्यातल्या बायकांसारखंच यांनाही एकटं कुणी बघवत नाही.

खरं तर मला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. मी विम्याच्या ऑफिसात बसणारी बाई, कार्टून मी हौसेने कधीच पाहिलं नसतं. ती पाळी माझ्यावर आली मुलीमुळे.

मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. कानाला मशीन लावलं की तिला भांडं पडलेलं कळायचं, बोलणं कळायचं नाही. आम्ही तेव्हा लोधीपुऱ्यात, तापीकाठच्या हिंदी मुलखात राहायचो आणि घरात आमची हातांची एक भाषा आपोआप तयार झाली होती. तिने प्रत्येकाला एक खूण दिली होती, तेच त्याचं नाव. वडलांचं नाव म्हणजे खांद्यावर केळीचा घड उचलायचा, कारण दापोऱ्याच्या आमच्या शेतावर तिने त्यांना तसं पाहिलं होतं. माझं नाव म्हणजे नाकावरचा चष्मा एका बोटाने वर सरकवायचा. मला ते आवडायचं नाही. आईसाठी कुंकू, पदर, असं काहीतरी बरं सुचायला काय हरकत होती? पण आपलं नाव आपण ठेवत नसतो, म्हणून मी गप्प बसले.

ती शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा समावेशाची वर्षं चालू होती. अशा मुलांना वेगळं बसवायचं नाही, चारचौघांबरोबर नेहमीच्या शाळेत घालायचं, असं वरून ठरलं होतं. समावेश हा शब्द मी बैठकांमध्ये ऐकला, बॅनरवर वाचला, साहेबांच्या भाषणात तर घासून गुळगुळीत झालेला पाहिला. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच निघाला की मुलीला पहिल्या बाकावर मॅडमच्या समोर बसवायचं आणि फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावायचं. मधल्या सुट्टीत मुलं पळापळी खेळायची आणि ही भिंतीला टेकून डबा खायची. तिला कुणी मारत नव्हतं, चिडवतही नव्हतं. तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. मी एकदोनदा ऑफिसातून मुद्दाम निघून फाटकातून हे पाहिलं आणि परत जाऊन फायलींवर राग काढला.

मग घरात पहिला भाग आला. हे सीडीच्या दुकानात दुसराच सिनेमा आणायला गेले होते, तो कुणीतरी नेला होता, म्हणून हा घेऊन आले. एक म्हातारा पाणघोडा आणि त्याच्या पाठीवर राहणारा एक पांढरा पक्षी. त्यांची नदी आटते. दुसरी नदी शोधायला पाणघोडा चालत निघतो, आणि पक्ष्याला उडून जाता येत असूनही तो जात नाही. एवढीच गोष्ट. सुरुवातीला आणि शेवटी कुणीतरी हिंदीत दोन वाक्यं बोलतं, मधल्या सगळ्या वेळात कुणी अवाक्षर काढत नाही. पाणघोडा नाकपुड्या फुगवतो, पक्षी मान वाकडी करतो, आणि आपल्याला सगळं कळतं. शेवटी पाणी सापडतं. पाणघोडा नाकापर्यंत त्यात बुडतो आणि पक्षी त्याच्या नाकावर एका पायावर उभा राहतो.

गल्लीतली मुलं आमच्याकडे बघायला जमली होती. पाणघोडा वाळूच्या ढिगाऱ्यावरून घसरला तेव्हा सगळी हसली, आणि आमची मुलगीही हसली, त्याच क्षणी. एरवी लोक हसले की ती इकडेतिकडे बघायची आणि मग उशिरा हसायची. त्या दिवशी तिला कुणाकडे बघावं लागलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आणि खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिने ओट्यावर अख्खा सिनेमा करून दाखवला. एक गाल फुगवला की पाणघोडा, मान वाकडी केली की पक्षी. तापीचं पाणी उतरल्यावर राजघाटावर गेलो तर तिथेही उथळ पाण्यात तिचा पाणघोडा डुलत निघाला आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघत बसल्या. तिथून ते शाळेत पोचलं. मधल्या सुट्टीत मुलं तिच्याभोवती कोंडाळं करायला लागली. गोष्ट संपली की ती एकेकाला खूण देऊन टाकायची, आणि आपल्याला अजून नाव मिळालं नाही म्हणून पोरं रुसायची. मॅडमना मनगटावरचं घड्याळ बघण्याची खूण मिळाली. सगळ्या बैठकांना मिळून जे साधलं नव्हतं ते एका मुक्या पाणघोड्याने करून दाखवलं.

असा पाणघोडा कुणी सुखाने राहू देईल का? दुसरा भाग आला. टॉकीजवर भलंमोठं पोस्टर लागलं. बाजारात पाणघोड्याचे डबे आले, बाटल्या आल्या, पक्ष्याची चोच असलेली रबरं आली. शाळेने मोठ्या वर्गांना, म्हणजे आमच्या मुलीलाही, सिनेमाला न्यायचं ठरवलं आणि बरोबर काही आयांनी यावं असा निरोप आला. लहान वर्ग जाणार नव्हते. त्यांच्यासाठी मॅडमनी एक शक्कल काढली होती. मला म्हणाल्या, "शनिवार की बालसभा में बिटिया सबको दूसरा भाग करके दिखाएगी. ये होता है समावेश." मुलीला हे कळलं तेव्हा ती घरभर गाल फुगवून फिरली. मला मात्र धाकधूक होती. तिला शाळेत जी जागा मिळाली होती ती या गोष्टीच्या जोरावर मिळाली होती, आणि ती गेली तर परत भिंतीला टेकून डबा खाणं आलं.

टॉकीजमध्ये अंधार झाला आणि पाणघोड्याने तोंड उघडलं ते बोलायलाच. आणि काय बोलला! टीव्हीवरच्या कुणा विनोदी माणसाचा आवाज त्याच्या तोंडात कोंबला होता, आणि तो थेट हरियाणवीत सुरू झाला. पहिल्या भागात ज्या पक्ष्याने एक शब्द काढला नव्हता तो आता श्वास घ्यायला थांबेना. पाणघोड्याला बायको होती. तिला पापण्या होत्या, ओठांना लाली होती. सासू होती. खलनायक म्हणून एक माकड होतं आणि ते गाणी म्हणायचं. वाळूवरून घसरायचा तोच प्रसंग, पण आता सगळं कुटुंबच घसरत होतं आणि घसरताना प्रत्येक जण काहीतरी चुरचुरीत बोलत होता. नदीचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात कधी तहान अनुभवली नसावी, आणि शांतता तर नक्कीच नाही. लोक मात्र खदखदून हसत होते. पैसे देऊन आलं की माणूस हसायचं ठरवूनच बसतो.

मुलगी पडद्याकडे बघायची, मग शेजारच्या पोरांकडे, मग परत पडद्याकडे. तिचं ते उशिराचं हसणं परत आलं होतं. माझ्याच्याने बघवेना. मी तिच्याकडे वळले आणि हातांनी सांगायला लागले. ही बायको. ही तिची आई. माकड म्हणतंय की तू जाडा आहेस. आता तो म्हणतोय की तूच जाडा. असल्या विनोदावर हातांची भाषा फुकट घालवायची माझ्यावर वेळ आली, पण मी सोडलं नाही, एकेक ओळ सांगत राहिले. मागून एक माणूस म्हणाला, "ओ मॅडम, हाथ नीचे करो, पिच्चर दिखने दो." मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो परत बोलला नाही.

मध्यांतरानंतर थोड्या वेळाने मुलीने माझे दोन्ही हात धरले, ओढून आपल्या मांडीवर ठेवले आणि घट्ट दाबून धरले. मला भरून आलं. एवढ्या लोकांत एकटं पडलेलं लेकरू, आईचा आधार शोधतंय. सिनेमा संपेपर्यंत मी हात जरासुद्धा हलू दिले नाहीत.

घरी आल्यावर मी कामाला लागले. बालसभा तोंडावर आली होती आणि तिला गोष्ट येत नव्हती. रोज ऑफिसातून आले की तिला समोर बसवून मी दुसरा भाग शिकवायचे, माकड, सासू, कोण कुणाला काय म्हणालं ते सगळं. ती थोडा वेळ बघायची आणि मग डोळे मिटून घ्यायची. तिने डोळे मिटले की बोलणं संपलं, त्यापुढे कुणाचं काही चालत नाही. मी खांदा हलवायचे, ती डोळे आणखी घट्ट मिटायची. हे जेवता जेवता बघत होते. शेवटी त्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "नाई समजलं तिले, त नाई समजलं. काहाले घोटवू राहिली? शनवारी घरीच ठेव. ताप आला म्हनू मॅडमले."

मी त्यांना सांगितलं की एकदा ती घरी राहिली की कायमची घरी राहील. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीसाठी मावा जिलबी आणली आणि मला विचारलं नाही, यावरून त्यांचं मत मला कळलं.

शनिवारी ती स्वतःहूनच तयार होऊन दारात उभी राहिली. मी ऑफिसात अर्धी रजा टाकून मागोमाग गेले. शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या, पुढे लहान वर्ग, मागे मोठे, आणि भिंतीकडे आम्ही काही बायका. मॅडमनी नाव पुकारलं आणि समावेशावर दोन शब्द बोलल्याच. मुलगी पुढे आली.

तिने गाल फुगवला नाही. तिने एक स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि मांडीवरच्या नसलेल्या पिशवीतून पॉपकॉर्न खायला लागली. मग एक तोंड आलं, नुसतं उघडणारं आणि मिटणारं. मग पापण्या फडफडवत दुसरं तोंड आलं, मग माकडाचं, मग सासूचं. सगळी तोंडं एकदम उघडमीट करत होती आणि ती एकातून दुसऱ्यात इतक्या झटपट जात होती की लहान मुलं लोळायला लागली. मग तिने बघणारे लोक केले, पोट धरून हसणारे, पॉपकॉर्न सांडणारे. मग त्यांच्यामध्ये बसलेली एक मुलगी केली, जी डावीकडे बघते, उजवीकडे बघते आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर हसते. इथे मोठ्या वर्गातली पोरं एकदम गप्प झाली. ती त्या दिवशी तिच्या शेजारीच बसली होती.

आणि मग तिने एका बोटाने नाकावरचा चष्मा वर सरकवला.

माझं नाव आता सगळ्या वर्गाला माहीत होतं. मागच्या रांगेतली पोरं वळून माझ्याकडे बघायला लागली. तिने उभी केलेली मी स्टुलावरून वळलेली होती, पडद्याच्या बरोबर आड आलेली, हात गरगर फिरवणारी, डोळे मोठे केलेले, थांबायचं नाव नाही. मग ती परत मुलगी झाली आणि माझ्या डाव्या बाजूने वाकून पडदा बघायला लागली. मी डावीकडे सरकले. ती उजवीकडून वाकली. मी उजवीकडे सरकले. सगळ्या तोंडांमध्ये सर्वांत मोठं तोंड माझे हात होते. अखेर त्या मुलीने ते दोन हात हवेत पकडले, खाली ओढले, मांडीवर दाबून धरले, आणि हुश्श करून समोर बघितलं.

पटांगण हसून फुटलं. मॅडम हसल्या, शेजारच्या बायका हसल्या. माझे कान तापले, आणि मग मीही हसले, सगळ्यांच्या नंतर.

हसणं ओसरल्यावर तिने एक गाल फुगवला. म्हातारा पाणघोडा हळूहळू चालत आला, पाण्यात नाकापर्यंत बुडला, आणि मान वाकडी करून ती त्याच्या नाकावर एका पायावर उभी राहिली. लहान वर्गातल्या एका मुलीने मोठ्याने विचारलं, "आता तो बोलेल?" कुणीतरी तिला दटावलं आणि सगळे गप्प बसून बघत राहिले.

परत येताना मी तिला काही सांगायला हात उचलले आणि खाली घेतले. दापोऱ्याहून संध्याकाळी हे आले तेव्हा तिने तो सगळा खेळ त्यांना परत करून दाखवला. हे जमिनीवर बसून हसले, आणि माझा भाग दुसऱ्यांदा करायला लावला.

तिसरा भाग आलाच, तो येतोच. त्यात पाणघोडा विमानात बसतो आणि पक्ष्याचं लग्न होतं, याहून जास्त त्याच्याबद्दल बोलायची माझी इच्छा नाही. मुलीने वर्गाबरोबर जायचं ठरवलं आणि मला बरोबर चल म्हणाली. टॉकीजमधले दिवे गेले तेव्हा मी माझे दोन्ही हात आपणहून तिच्या मांडीवर ठेवले. तिने ते दाबून धरले. थोड्या वेळाने त्यातला एक मला परत दिला, पॉपकॉर्नची पिशवी धरायला.