आमचा हूम

शहरातल्या सात रस्ता चौकात वाळल्या गवताची गाडी शेजारून गेली आणि त्या वासासरशी गावाकडचा माळ आठवला. वनखात्याचे साहेब तिथं माळढोक पक्षी शोधत आले होते. तो सापडला तर अभयारण्य, नाहीतर माळ कारखान्याला जाणार होता. शेरडं चारणारे माझे काका पडलेल्या आवाजात म्हणाले, "असलं पाखरू हितं न्हाय, सायेब." साहेब जीपमध्ये बसतात तोच गवतातून घुमल्यासारखा आवाज आला. "आमचा हूम हाय की त्यो," काका म्हणाले, "कमरेएवढा उंच, लई देखणा!" साहेबांनी जीपमधून उडीच मारली. "अहो काका, तोच माळढोक!" काका एवढे मोठ्यानं हसले, की शेरडं बुजली. परवा अभयारण्याच्या पाटीवर लेकीनं "माळढोक" वाचलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाय गं, हूम हाय त्यो!"