दादाच्या मोटारीची राखण

घरात सोनं आलं तर त्याचे किस्से होत नाहीत, ते पेटीत जातं. मोटार पेटीत जात नाही! म्हणून आमच्याकडे किस्से साठत गेले. मैत्रिणी म्हणतात, "तुझं ते मोटारीचं सांग ना," आणि हसायला तयार होऊन बसतात. मीही सांगते. कुठे हसणं थांबवायचं, ते मात्र मला अजून जमत नाही.

मोटार माझ्या दादाची. मुंबईहून जुनीच घेऊन आला आणि दोन महिन्यांत नोकरीसाठी आफ्रिकेला गेला. बोटीवर चढताना वडिलांना, म्हणजे अण्णांना, म्हणाला, "हिला सांभाळा." वहिनींना म्हणाला, "आलो की हिच्यातून राजापूरला, तुझ्या माहेरी!" घरात मोटार चालवणारा तो एकटाच. तेव्हापासून ती अंगणात माडाच्या झापांच्या मांडवाखाली, आणि अण्णा तिच्या राखणीला.

*

अण्णा वकील. चोराला मोटार सुरू करता येऊ नये म्हणून ते तिचं पुढून फिरवायचं हँडल रोज कोर्टात घेऊन जात! काळ्या कोटातून डोकावणारं लोखंड पाहून जज्जसाहेबांनी विचारलं, "वकीलसाहेब, हा पुरावा की शस्त्र?"

"मुलाची ठेव आहे, रावसाहेब."

कोर्टात कुणी हसलं नाही म्हणे.

*

देवाधर्माशी बेताचंच सख्य असलेल्या अण्णांनी एकदा गावच्या राखणदाराला नारळ ठेवला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही बिनबैलाची गाडी, हिला चोराचिलटाचा हात लागू देऊ नको!"

आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!"

चौथ्या दिवशी भोंगा चोरीला! अण्णा तडक गुरवाकडे. तो शांतपणे म्हणाला, "अण्णानू, गाऱ्हाणं गाडीचं घातलं. भोंग्याचं तुम्ही कुठं सांगितलंत?"

मी खो खो हसले. वहिनी एवढंच म्हणाल्या, "ह्यांना तो भोंगा फार आवडायचा."

*

पुण्याला कॉलेजात मी लॉजिक शिकले, पण पान सळसळलं तरी दचकते. एका दुपारी मोटारीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. अण्णांचं जाडजूड कायद्याचं पुस्तक हाताशी होतं, ते नेम धरून हाणलं!

"या अल्ला! ताई, चोर कधी तेल घालायला येतो होय?"

दादाचे दोस्त हुसेनमिस्त्री! दर शुक्रवारी नमाज आटोपून यायचे, गुपचूप तेलपाणी करून जायचे. नडगी चोळत म्हणाले, "गंजली तर आल्यावर तो मलाच बोलेल."

*

मग दादाची पत्रं येईनाशी झाली. नंतर वहिनींनी धाडलेली पत्रं परत येऊ लागली, न फोडलेली.

त्याच आठवड्यात अण्णांनी हुकूम काढला, मोटारीत कुणी बसायचं नाही. दाराच्या कड्या सैल होतात, चोराला सोपं जातं!

एक गिऱ्हाईक आलं. "विकता का हो?"

"मालक परगावी आहे."

"कधी येणार?"

अण्णांनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर बराच वेळ त्याची रिकामी कपबशी हातात घेऊन बसले होते.

*

आणि हा किस्सा चैत्रातला. भर दुपारी मोटारीचं दार वाजलं. झापांच्या फटीतून पाहते तो आत कुणीतरी बसलेलं! मी किंचाळले, "चोर! चोर!"

अख्खी वाडी धावली. काठ्या, कोयते, एकाच्या हातात तर होडीचं वल्हं! अण्णा जेवणावरून उठून तसेच खरकट्या हाताने बाहेर.

आत वहिनी होत्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, मांडीवर कपड्यांचं गाठोडं. एवढा गलका झाला तरी समोरच बघत होत्या.

"अगो बाय, ही तर सूनबाय!" कुणीतरी हसलं. बाकी कुणी हसलं नाही. काठ्या खाली आल्या. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

वहिनी हळूच म्हणाल्या, "मामंजी, उतरते मी."

"बस."

अण्णा माणसांकडे वळले. "काठ्या ठेवा. ढकला."

"आं? कुठं, अण्णानू?"

"राजापूरच्या रस्त्याला."

चोराला बडवायला आलेली दहा-बारा माणसं मोटारीला लागली. अण्णा बाहेरून एका हाताने स्टिअरिंगचं चाक धरून शेजारून चालत होते. बाजारातले लोक बाजूला होऊन उभे राहिले.

चढण लागली तसा वल्हेवाला धापा टाकत म्हणाला, "अण्णानू, अजून किती?"

अण्णांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"सूनबाईंना विचार."